शिमल्यात बर्फ पडला, मग आपल्या हरभऱ्याचं काय?



जानेवारी-फेब्रुवारीत टीव्हीवर एक बातमी हमखास लागते. शिमला, मनाली, गुलमर्ग पांढरंशुभ्र झालंय, रस्ते बंद आहेत, गाड्या अडकल्यात आणि फिरायला गेलेली मंडळी एकमेकांना बर्फाचे गोळे मारतायत. आपण क्षणभर बघतो, "बाई गं, काय ही थंडी" म्हणतो आणि भाकरी थापायला वळतो. त्या बातमीच्या शेवटी एक वाक्य घाईघाईत सांगितलं जातं: "पश्चिमी झंझावातामुळे ही बर्फवृष्टी होत आहे." हिंदी बातम्यांत त्यालाच 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. यापुढे या दोन शब्दांकडे जरा कान द्या. तिकडे बर्फ टाकणारं वादळ आणि आपल्याकडे ऐन काढणीत हरभरा झोपवणारी गारपीट, यांचं नातं पुष्कळदा सख्ख्या बहिणींचं असतं.

हे वादळ जन्माला येतं खूप लांब, भूमध्य समुद्राच्या आसपास. तिथली थंड हवा आणि उबदार हवा एकमेकींना भिडली की कमी दाबाचा पट्टा तयार होतो. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार वेगानं वाहणारा वाऱ्याचा एक प्रवाह असतो. नदीच्या पुरात ओंडका वाहत यावा तसं हे वादळ त्या प्रवाहाबरोबर येतं. तुर्कस्तान, इराक, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ते काश्मीरला पोचतं. पावसाळ्यात वाऱ्याचा हा प्रवाह हिमालयाच्या पलीकडे, उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळ्यात तो खाली येतो, म्हणून ही वादळं मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात येतात. महिन्याला साधारण चार-पाच. सगळीच मोठी नसतात. काही नुसतं आभाळ आणून निघून जातात.

आपल्याला चक्रीवादळ माहीत आहे. ते तापलेल्या समुद्रावर तयार होतं आणि जमिनीवर आलं की त्याचा जोर ओसरतो. पश्चिमी झंझावाताचं तसं नाही. तो थंड आणि उबदार हवेच्या फरकावर जगतो, त्यामुळे हजारो किलोमीटर जमीन ओलांडूनही टिकतो. वाटेत कास्पियन समुद्राची आणि पुढे आपल्या अरबी समुद्राची वाफही उचलतो. मग समोर उभा राहतो हिमालय. हवेला पुढे जायला वाट नाही, म्हणून ती डोंगराच्या अंगानं वर चढते. वर गेली की थंड होते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ लागून थेंब जमतात ना, तसं. फक्त तिथे एवढी थंडी असते की थेंबांऐवजी बर्फ होतं. डोंगरावर बर्फ पडतो आणि खाली पंजाब, हरियाणा, दिल्ली, राजस्थानात पाऊस पडतो, सोबत सोसाट्याचा वारा.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हे वादळ म्हणजे नुसतं संकट. तसं अजिबात नाही. पंजाबातला गहू या पावसाची वाट बघत असतो. राजस्थानात या हिवाळी पावसाला मावठ म्हणतात आणि तो पडला की शेतकरी खूश होतो. हिमाचलच्या सफरचंदाला थंडी लागते. डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, त्यावर सतलज, बियास, चिनाब या नद्या वाहतात. २०२४ च्या जानेवारीत जवळजवळ महिनाभर बर्फच पडला नाही. गुलमर्गच्या उतारांवर गवत आणि माती दिसत होती. तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपल्याकडे जुलै कोरडा गेला की जे होतं, तेच.

पण वादळ जोरात आलं की मात्र जीव घेतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावाशेजारी बर्फाचा कडा कोसळला. सीमेवरचा रस्ता मोकळा ठेवणाऱ्या मजुरांची छावणी त्याखाली गेली. ५४ जण अडकले. लष्कराच्या जवानांनी आणि बचाव पथकांनी ४६ जणांना वाचवलं, ८ जण गेले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ बर्फात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गाडीतच मेली. यातल्या बऱ्याच जणांचा जीव थंडीनं नाही, विषारी वायूनं गेला. काचा बंद, इंजिन चालू, मागची नळी बर्फात बुजलेली. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठत गेला. या वायूला वास नसतो. झोप लागते आणि माणूस उठत नाही.

हे मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडेही थंडीची लाट आली की बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं-खिडक्या गच्च लावतात. तोच वायू तिथेही साठतो. शेगडी ठेवायचीच असेल तर खिडकी थोडी उघडी हवी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढायची. सासूबाई रागावल्या तरी चालेल.

बरं, आता आपल्याकडे या.

पश्चिमी झंझावात स्वतः काही महाराष्ट्रात येत नाही. तो काश्मीर-हिमाचलवरून पुढे सरकतो. पण त्याचा हात लांब असतो. आपल्यापर्यंत तो तीन तऱ्हांनी पोचतो.

सगळ्यात जास्त वेळा येतं ते नुसतं आभाळ. दोन-तीन दिवस ढग, सकाळी धुकं, ऊन नाही. कुणी त्याला वादळ म्हणणार नाही, पण हरभऱ्यावर घाटेअळी, कांद्यावर करपा, द्राक्षावर भुरी, आंब्याचा मोहोर काळा पडणं, हे सगळं त्याच दोन-तीन दिवसांत सुरू होतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे थंडी. वादळ पुढे गेलं की त्याच्या मागून उत्तरेचं कोरडं, बर्फावरून आलेलं वारं सुटतं. धुळे, नाशिक, निफाड, नागपूर, गोंदियाचा पारा एकदम उतरतो. म्हणजे टीव्हीवर बर्फ दिसला की एक-दोन दिवसांत स्वेटर काढायचे, असा साधा हिशेब पुष्कळदा बरोबर येतो. अशा रात्री पिकाला संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. करडांना आणि कोंबडीच्या पिल्लांना गोणपाटाचा आडोसा करावा.

आणि तिसरी तऱ्हा गारपीट. ही दर वेळी होत नाही. ती व्हायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात. झंझावात मोठा असला की वरच्या वाऱ्याच्या प्रवाहाला खोल बाक पडतो. झोळी खाली लोंबावी तसा तो बाक मध्य भारतापर्यंत उतरतो आणि आपल्या डोक्यावर, खूप उंचावर, थंड हवा आणून ठेवतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारं आलं पाहिजे. आणि खाली जमीन तापलेली पाहिजे, जी फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी असतेच. खाली गरम, मध्ये ओल, वर थंड. मग हवा उसळी मारून वर जाते आणि दुपारनंतर काळे ढग डोंगरासारखे चढतात.

त्या ढगात पाण्याचा थेंब वर फेकला जातो, गोठतो, खाली येतो, पुन्हा वर फेकला जातो. दर खेपेला त्यावर बर्फाचा नवा थर चढतो. गार मधोमध चिरली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते याचमुळे. वर उचलणाऱ्या वाऱ्याला तिचं वजन पेलवेनासं झालं की ती खाली पडते. श्रावणात एवढा पाऊस पडतो, पण गारा का पडत नाहीत? कारण तेव्हा वरची हवाही उबदार असते. बर्फ तयार झालाच तरी खाली येईपर्यंत वितळतो.

२०१४ साल ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगणार! फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून गारपीट होत राहिली. २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला. गहू, ज्वारी, हरभरा, कांदा, द्राक्ष, डाळिंब, काही सुटलं नाही. शेतात पांढरी चादर अंथरल्यासारखं दिसत होतं. आणि २०२३ मध्ये तर २६ नोव्हेंबरलाच झालं. नाशिक जिल्ह्यात निफाड भागात द्राक्षबागा आणि कांदा झोडपला गेला. त्याच दिवशी शेजारच्या गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं दगावली. तेव्हाही उत्तरेतला पश्चिमी झंझावात आणि समुद्राकडचं दमट वारं यांची गाठ पडली होती.

आपण या सगळ्याला 'अवकाळी' म्हणतो. मला हा शब्द फारसा आवडत नाही. तो म्हटला की वाटतं, हे आभाळातून अचानक कोसळलं, कुणाला कल्पनाच नव्हती. पण नीट बघा. हे वादळ भूमध्य समुद्रापासून काश्मीरपर्यंत यायलाच चार-पाच दिवस घेतं. ते निघालं की उपग्रहाला दिसतं. पुणे वेधशाळा, मुंबई आणि नागपूरची हवामान केंद्रं आपल्या जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज रोज देतात. गार नेमकी कोणत्या गावावर पडेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. पण या तारखांना, या जिल्ह्यात वादळी पाऊस आणि गारपिटीची शक्यता आहे, हे दोन-तीन दिवस आधी बहुतेक वेळा कळतं. प्रश्न असतो तो आपल्यापर्यंत पोचण्याचा. फोन घरात एक, तो असतो मालकांच्या खिशात, आणि मालक असतात तालुक्याला. शेतात राबणारी बाई ढग बघून पळायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून गटाच्या बैठकीत नोव्हेंबर ते मार्चपुरती एक जबाबदारी ठरवून टाका. जिच्याकडे स्मार्टफोन आहे अशी एक ताई, नाहीतर तिची कॉलेजात जाणारी मुलगी, रोज संध्याकाळी आपल्या जिल्ह्याचा अंदाज बघेल आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकेल. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्या दारात जाऊन सांगेल. 'मेघदूत' ॲपवर आपल्या जिल्ह्याचा शेतीसाठीचा सल्ला मराठीत मिळतो, तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी नवा येतो. रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीला लागा, लाल म्हणजे आता हातातलं काम सोडून जीव आणि जनावर सांभाळा. पिवळा आला की पुष्कळ जणी दुर्लक्ष करतात. हिवाळ्यात तसं करू नका, कारण गारपिटीला पंधरा मिनिटं पुरतात.

भविष्य सांगणाऱ्या 'अमुक तारखेला महाराष्ट्र बुडणार' छापाच्या चित्रफिती पुढे पाठवू नका. दोनदा खोटं निघालं की तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

इशारा मिळाला आणि हाताशी दोन दिवस आहेत, तर काय करायचं? पिकलेला हरभरा-गहू असेल तर काढणीला सगळ्यांनी मिळून लागायचं, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. इर्जिक, सावड ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. काढलेला माल शेतात सुडी मारून ठेवण्यापेक्षा घरी आणावा. ते जमत नसेल तर उंचवट्यावर रचून ताडपत्रीनं झाकावा आणि ताडपत्रीच्या कडांना दगड ठेवावेत. गार मारते त्याआधी वारा उडवतो. काढलेला कांदा पातीसकट शेतात पसरलेला असेल तर तो आधी आडोशाला. औषध फवारणी आणि पाणी देणं पुढे ढकला. पाणी दिलेल्या ओल्या रानातला गहू वाऱ्यानं लगेच लोळतो.

ताडपत्रीचं म्हणाल तर ती चांगली घ्यायला पैसे लागतात आणि वर्षातून चार दिवस वापरली जाते. ही वस्तू एकटीनं घ्यायची नाहीच. गटानं दोन-तीन मोठ्या घ्याव्यात, नोंद ठेवावी, अगदी नाममात्र भाड्यानं वापराव्यात.

आपल्या बायकांचं आणखी एक नुकसान असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. फेब्रुवारी-मार्च म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वाळलेली मिरची, शिजवून पसरलेली हळद. गटानं कर्ज काढून उडीद, गहू घेतलेला असतो, ऑर्डर घेतलेली असते. पंचनाम्यात पिकाचं क्षेत्र लिहितात, जनावर लिहितात, पडलेलं घर लिहितात. गच्चीवर भिजलेल्या कुरडयांना तिथे रकाना नाही. म्हणून इथे भरपाईची वाट न बघता अंदाज बघूनच चीक शिजवायला घ्या. पिवळा इशारा असेल त्या दिवशी मोठा घाणा घालू नका.

विजेबद्दल थोडक्यात पण नीट ऐका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर असा हिशेब. तीसच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या टप्प्यात आहे, लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली कधीच थांबायचं नाही, शेळ्याही झाडाखाली बांधायच्या नाहीत. आसराच नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन, उकिडवं बसा, आडवं पडू नका, एकमेकींना खेटून बसू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सूचना देतं. शेतावर जाणाऱ्या टोळीत एका फोनवर तरी ते असावं.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. नुकसानीचे फोटो लगेच काढा, सोबत शेताची ओळख पटेल असं काही दिसू द्या. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांना कळवा आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहा. पिकाच्या मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. पंचनाम्यात ३० लिहिलं आणि आपण न वाचता सही केली, तर हाती काही येत नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी, म्हणजे रब्बीची ई-पीक पाहणी वेळेत झालेली हवी. ती झाली नसेल तर हा अंक वाचून संपला की आजच विचारा.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे वीज किंवा गारपिटीत माणूस गेला तर वारसाला ४ लाख रुपये, दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५०० रुपये, बैल गेला तर ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मिळतात. मेलेलं जनावर पंचनामा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल होण्याआधी पुरू नका. वास सुटतो, शेजारी बोलतात, तरीही.

पीकविम्याचे नियम २०२५ मध्ये बदललेत. एक रुपयातला विमा बंद झाला, आणि भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. म्हणजे गार फक्त तुमच्याच शिवारावर पडली, तर विम्यापेक्षा पंचनाम्याचाच आधार मोठा. फळबागेचा हवामानावर आधारित विमा वेगळा असतो. त्यात गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा हप्ता भरण्याआधी कृषी सखीकडून नीट समजून घ्या.

आता मुख्य गोष्ट. मदत ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जाते. राबणारीच्या नाही. पतीच्या हयातीत सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, त्यासाठी शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. आणि ज्या मैत्रिणी बटईनं किंवा ठोक्यानं जमीन करतात, गटानंच जमीन कसायला घेतली असेल, त्यांची पंचाईत तर फार मोठी. बी तुमचं, खत तुमचं, घाम तुमचा आणि मदत मालकाला. जमीन घेतानाच साध्या कागदावर लिहून घ्या: नैसर्गिक आपत्तीची मदत आली तर ती कोणाची, किती. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पुढे तोंड कडू होण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

नुकसान झालेल्या सदस्येचा हप्ता त्या महिन्यात थकणारच. तिला बैठकीत सर्वांसमोर बोलू नका. हप्त्याची फेरआखणी करा आणि ठरावात तसं लिहा. ग्रामसंघाकडे जोखीम निधी असेल तर त्यातून तातडीची रक्कम काढता येते. त्यासाठी तिचा अर्ज गटामार्फत पाठवावा लागतो. पंचनाम्याचे पैसे यायला महिने लागतात. सावकार दुसऱ्याच दिवशी दारात येतो.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८, आजारी जनावरासाठी १९६२. हे तीन आकडे गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.